मावा आधी मोजा: संत्रा बागेत नव्याने उतरणाऱ्यांसाठी

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या पट्ट्यात आता संत्रा लावणारे सगळेच शेतकरी घरातले नसतात. कुणी निवृत्तीचे पैसे घालतं, कुणी नागपुरातली नोकरी सांभाळून शनिवार-रविवार बाग बघतं. मी दुसऱ्या प्रकारातला. पहिल्याच आंबिया बहाराला (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुटीला) कोवळ्या शेंड्यांवर तपकिरी-काळे बारीक किडे, म्हणजे मावा, खच्चून बसलेले दिसले आणि माझे हातपाय गळाले. दुकानात गेलो, दोन बाटल्या घेऊन आलो, फवारलं. दहा दिवसांत मावा परत हजर. पुन्हा फवारलं. त्या हंगामात माव्यापेक्षा जास्त नुकसान मी स्वतः केलं, हे कळायला आणखी दोन वर्षं गेली.

शेजारच्या बगिच्यातले काका मला शेंड्या-शेंड्याला भिंग लावून बसलेला बघून म्हणाले होते, "कायले मोजून राहिले भाऊ? मारा अन् मोकळे व्हा." त्यांचं चुकत नव्हतं, तीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. पण मावा मारणं आणि माव्यातून पसरणारा रोग थांबवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पुढच्या सगळ्या पायऱ्या या फरकावर उभ्या आहेत.

पहिली पायरी: मावा रोग कसा वाहतो ते समजून घ्या

मावा पानाचा रस पितो, पानं वळवतो, चिकट गोड पाणी टाकतो आणि त्यावर काळी बुरशी चढते. हे सगळं डोळ्याला दिसतं. मोठ्या झाडाला त्याने फारसं बिघडत नाही. खरी भीती आहे ती ट्रिस्टेझा या विषाणूची. हा शब्द स्पॅनिश-पोर्तुगीज, अर्थ उदासी. १९३० नंतरच्या काळात अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये आंबट संत्र्याच्या खुंटावर (खालच्या, मुळांच्या रोपावर) बांधलेली लाखो झाडं बघता बघता मरगळून वाळली, तेव्हा तिथल्या लोकांनी हे नाव दिलं. कारण कळायला वेळ लागला. १९४६ साली ब्राझीलमधल्या मेनेघिनी यांनी दाखवून दिलं की तपकिरी मावा हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो.

नेण्याची पद्धत नीट लक्षात ठेवा. रोगट झाडाचा रस पिताना विषाणू माव्याच्या सोंडेत आणि अन्ननळीच्या तोंडाशी चिकटतो. त्याला काही मिनिटं ते काही तास पुरतात. जितका वेळ जास्त प्यायला तितका जास्त चिकटतो. मग तो मावा उडून निरोगी झाडावर बसला की तिथे विषाणू सोडतो. पण हे ओझं तो फार काळ वाहत नाही. साधारण एक-दोन दिवसांत विषाणू निघून जातो, आणि कात टाकली तर लगेचच. विषाणू माव्याच्या अंगात वाढत नाही, पिलांनाही जात नाही. मावा रोग घेऊन जन्मत नाही.

यातून कामाच्या दोन गोष्टी निघतात. रोगाचं कोठार मावा नाही, रोगट लिंबूवर्गीय झाड आहे: तुमच्या बागेतलं किंवा बांधापलीकडचं. आणि बाहेरून उडत आलेला मावा शेंड्यावर बसून थोडा वेळ रस प्यायला की काम झालेलं असतं. फवारलेल्या औषधाने तो नंतर मरतो, पण विषाणू पोचवून मरतो. म्हणून निव्वळ फवारणीवर ट्रिस्टेझा आटोक्यात आल्याचं उदाहरण सापडत नाही.

दुसरी पायरी: कलम घेताना डोळ्याची चौकशी करा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नवखे लोक हीच सोडतात. आपल्याकडे संत्र्याचं कलम म्हणजे जंबेरीच्या किंवा रंगपूर लाईमच्या रोपावर भरलेला नागपुरी संत्र्याचा डोळा, म्हणजे काडीवरचा अंकुर. ट्रिस्टेझा बियांतून येत नाही, त्यामुळे जंबेरीचं रोप सहसा स्वच्छ असतं. रोग येतो डोळ्यातून. ज्या झाडाची डोळेकाडी (डोळे असलेली काडी) घेतली ते झाड बाधित असेल, तर त्यावरून भरलेली शंभर कलमं बाधित असू शकतात. म्हणजे माव्याने वर्षानुवर्षं जे काम केलं असतं ते माणूस एका दुपारी करून जातो.

त्यात मेख अशी की जंबेरी आणि रंगपूर हे दोन्ही खुंट ट्रिस्टेझा सोसतात. अर्जेंटिनासारखं झाड धडाधड वाळत नाही. बाधित संत्रा वर्षानुवर्षं हिरवा दिसतो, फळंही देतो आणि माव्याला विषाणू वाटत बसतो. रोपवाटिकेत कलम टवटवीत दिसतं म्हणून ते स्वच्छ आहे असं धरून चालू नका.

मी पहिली साठ कलमं रस्त्याकडेच्या एका रोपवाटिकेतून घेतली. स्वस्त मिळाली. मातृवृक्ष कुठे आहे असं विचारायचं मला सुचलंच नाही. आता मी हे विचारतो: डोळे कुठल्या झाडावरचे? ते झाड जाळीघरात आहे की उघड्यावर? त्याची विषाणू तपासणी कधी झाली, कागद आहे का? खुंट जंबेरीचा की रंगपूरचा? कलम पिशवीतलं आहे की जमिनीतून उपटलेलं? डोळा जमिनीपासून वीतभर तरी उंच भरला आहे का? शेवटचे दोन प्रश्न माव्याशी नाही, डिंक्या आणि मूळकुजीशी संबंधित आहेत, पण चौकशी करतोच आहोत तर तीही करून घ्यावी. उत्तर देताना समोरचा चिडला तर पुढच्या रोपवाटिकेत जा.

नागपुरात अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. शेंड्याचं अगदी टोक, जिथे विषाणू सहसा पोचलेला नसतो, ते सूक्ष्म कलम करून स्वच्छ मातृवृक्ष तयार करण्याचं आणि त्यांवरून रोगमुक्त कलमं देण्याचं काम तिथे होतं. मागणी खूप असते, त्यामुळे आधी नाव नोंदवावं लागतं. लागवड एक हंगाम पुढे गेली तरी चालेल. सहा बाय सहा मीटरवर हेक्टरी २७७ झाडं बसतात आणि ती पुढची कित्येक वर्षं तुमच्या डोळ्यांसमोर राहणार आहेत.

तिसरी पायरी: नवतीचं कॅलेंडर भिंतीवर लावा

मावा जून, जाड पानावर राहत नाही. त्याला नवती, म्हणजे नवी कोवळी पालवी, लागते. म्हणून त्याची गाठ कधी पडणार हे झाडच सांगतं. आपल्याकडे नवतीच्या तीन मोठ्या लाटा: आंबियाची जानेवारी-फेब्रुवारीत, ताण तोडल्यावर (बंद ठेवलेलं पाणी पुन्हा सुरू केल्यावर), मृगाची जून-जुलैत, पहिल्या पावसानंतर, आणि हस्ताची सप्टेंबर-ऑक्टोबरात. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा मावा जवळपास नाहीसा होतो. मुसळधार पावसातही वसाहती धुऊन जातात. आंबिया आणि हस्ताच्या वेळी हवा मानवते आणि संख्या फुगते.

हस्ताच्या नवतीसाठी माझी खूण सोपी आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात पिवळी आणि काळी मारबत (मोठे पुतळे) मिरवणुकीने निघते, "रोगराई घेऊन जा गे मारबत" असा ओरडा होतो. मिरवणूक बघून घरी आलो की भिंग आणि वही पिशवीत टाकायची. पुढचे सहा-सात आठवडे दर रविवारी फेरी.

जानेवारीत आणखी एक गोष्ट जुळून येते. कपाशीवरचा मावा आणि संत्र्यावर येणाऱ्या माव्यातला एक प्रकार ही एकच जात आहे. कपाशीची उलंगवाडी झाली, म्हणजे वेचणी संपली, पाला सुकला की हा मावा पंख फोडून कोवळा पाला शोधत निघतो, आणि नेमकी तेव्हाच तुमची आंबिया नवती फुटलेली असते. हा कपाशीतून येताना ट्रिस्टेझा आणत नाही, कारण तो विषाणू कपाशीत नसतोच. पण बागेत एखादं बाधित झाड असेल तर त्यावर थांबून मग शेजारच्या झाडावर जातो. भेंडी, वांगी, मिरची, काकडी यांवरही हाच मावा पोसतो. नव्या बागेत ओळींच्या मधल्या जागेत भाजीपाला घ्यायचा मोह होतो. घ्यायचाच तर ही चार पिकं टाळा आणि हरभरा, सोयाबीन अशांकडे वळा.

चौथी पायरी: कोण बसलंय ते ओळखा

दहापट मोठं दाखवणारं भिंग नागपूरच्या सीताबर्डी बाजारात सहज मिळतं. शेंडा तोडू नका, वाकवून बघा.

चकचकीत काळी मोठी आणि तांबूस-तपकिरी पिलं, कोवळ्या काडीला सगळीकडून वेढून बसलेली, हा तपकिरी मावा. ट्रिस्टेझा वाहण्यात हा सगळ्यांत तरबेज. याच्यासारखाच दिसणारा एक काळा मावा असतो. उडत्या माव्याच्या पुढच्या पंखाची मधली शीर दोनदा फाटली असेल तर तपकिरी, एकदाच फाटली असेल तर काळा. पिवळट ते गडद हिरवा, रंग बदलता, मागे दोन काळ्या नळ्या, हा कपाशीवाला. एकेकटा हा कच्चा वाहक आहे, पण संख्येने काम भागवतो. स्पेन आणि इस्राएलमध्ये तपकिरी मावा नव्हता तेव्हा रोग मुख्यतः यानेच पसरवला. सफरचंदी हिरवा आणि पानं करकचून वळवणारा आणखी एक प्रकार आहे, त्याने झाड दिसायला भयंकर दिसतं, पण ट्रिस्टेझा वाहण्यात तोही कच्चाच.

आता माव्याच्या नावावर खपणाऱ्या दुसऱ्या गोष्टी. पानावर काजळी दिसली की मावा असं नाही. आपल्या भागातली कोळशी मुख्यतः काळ्या माशीची असते, पान उलटं करून बघा. पानात चांदीसारख्या नागमोडी रेषा म्हणजे पोखरणारी अळी. आणि सायला. ही बारीक करडी कीड पानावर मागचा भाग वर उचलून तिरकी बसते, पिलं पिवळट असून पांढरी मेणाची दोरी सोडतात. सायला ग्रीनिंग नावाचा वेगळा, जिवाणूजन्य रोग वाहते, आणि तिचं गणित माव्याच्या उलट आहे: एकदा जिवाणू अंगात गेला की ती जन्मभर पसरवते. त्यामुळे सायला दिसली तर पुढची "थांबा आणि बघा"वाली पायरी लागू नाही, तिथे लवकर हालचाल करा. ग्रीनिंगच्या पानावर पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळा, डागाडागाचा दिसतो. जस्ताच्या कमतरतेत तो दोन्हीकडे सारखा असतो. मी एकदा जस्ताची कमतरता ग्रीनिंग समजून दोन झाडं उपटणार होतो.

पाचवी पायरी: मोजा

बागेत आडवंतिडवं फिरून दहा झाडं निवडा, बांधाजवळची दोन-तीन त्यात हवीतच, कारण उडता मावा आधी तिथे उतरतो. प्रत्येक झाडाच्या चार दिशांचा एकेक नवा शेंडा. झाले चाळीस. वहीत तीन रकाने: मावा असलेले शेंडे किती, पंखवाले दिसले का, मावा खाणारे दिसले का. अर्ध्या तासाचं काम आहे.

पंखवाल्यांचा रकाना का? मावा बहुतेक काळ नराशिवाय, थेट जिवंत पिलं घालतो. उबदार हवेत पिलू आठवडाभरात स्वतः आई होतं. शेंडा गच्च भरला किंवा काडी जून झाली की पंखवाली पिढी निघते. रोग झाडाबाहेर नेतात ते हे पंखवाले. त्यामुळे शेंड्यावर दोनशे बिनपंखी मावे दिसले म्हणून घाबरण्यापेक्षा, पंखाच्या कळ्या फुटलेली पिलं दिसू लागली का यावर लक्ष ठेवा. पिवळे चिकट सापळे झाडाच्या उंचीवर टांगले तरी उडत्या माव्याची चाहूल लागते. मात्र त्यांवर मावा खाणारे ढालकिडेही (लेडीबर्ड) चिकटतात, म्हणून एकरी तीन-चारच, तेही नवतीपुरते.

सहावी पायरी: कोण खातंय ते बघा आणि त्याला खाऊ द्या

पहिल्या वर्षी मी माव्यात फिरणाऱ्या काळ्या, खरखरीत, मगरीसारख्या अळ्या वेचून चिरडल्या होत्या. त्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या. मोठ्या लाल-काळ्या ठिपक्यांच्या ढालकिड्यासारखीच ही अळीही मावा खाते. सिरफिड माशीची अळी चिकट, पाय नसलेली, हिरवट, किळसवाणी दिसते. तीही आपल्याच बाजूची. हिरव्या जाळीदार पंखांच्या क्रायसोपाची अंडी केसासारख्या देठावर उभी असतात. आणि मधूनच काही मावे फुगलेले, कागदासारखे, भुरे आणि हलत नसलेले दिसले, तर त्यांच्या आत बारीक गांधीलमाशी वाढते आहे. तो शेंडा फवारू नका.

दर आठवड्याची मोजणी इथे कामी येते. या रविवारी चाळीसपैकी पंधरा शेंड्यांवर मावा आणि दोनांवर ढालकिडा, पुढच्या रविवारी सोळा आणि नऊ, तर तुम्ही काहीच करायचं नाही. मावा वाढतोय आणि खाणारे शून्य, तेव्हा विचार करायचा.

मुंगळ्यांचा बंदोबस्त मात्र लगेच करा. माव्याच्या गोड पाण्यासाठी ते ढालकिड्यांना हुसकावून लावतात. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा आणि खोडाला चिकट पट्टी बांधा. पानसोट, म्हणजे जोमाने सरळ वाढणारे फुटवे, तेही वेळेवर काढा. ते फळ देत नाहीत, पण अवेळी कोवळा पाला देऊन माव्याला दोन लाटांच्या मधे जगवतात. जास्त नत्राचंही तसंच आहे. युरियाचा मोठा हप्ता दिला की लुसलुशीत, लांबलचक नवती फुटते आणि मावा त्यावर तुटून पडतो.

सातवी पायरी: फवारायचंच असेल तर

फळधारी बागेत माव्यासाठी फवारणी मी आता क्वचित करतो. एक ते तीन वर्षांच्या झाडांचं वेगळं आहे; त्यांचा सगळा विस्तार शेंड्यांवर चालतो, तिथे वळलेली पानं परवडत नाहीत. तिथेही पूर्ण बाग नाही, बाधित झाडांचे शेंडे.

सुरुवात पाच टक्के निंबोळी अर्काने. मे-जूनमध्ये निंबोळ्या गोळा करून वाळवून ठेवा. पाच किलो कुटलेल्या निंबोळ्या नऊ-दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, दोनशे ग्रॅम साबण वेगळ्या लिटरभर पाण्यात विरघळवून मिसळा, एकूण शंभर लिटर करा आणि त्याच दिवशी संध्याकाळी मारा. पानाच्या खालून मारा. वरून मारलेला अर्क तुमच्या समाधानासाठी असतो.

रासायनिक औषध घ्यायची वेळ आली तर लेबलवर लिंबूवर्गीय पीक आणि मावा हे दोन्ही लिहिलेले आहेत का ते बघा आणि तिथलंच प्रमाण वापरा. एकाच गटाचं औषध पुन्हा पुन्हा नको. कपाशीचं बियाणंच बहुतेकदा इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक चोळून येतं, तेव्हा तिथून आलेल्या माव्याची या गटाशी आधीच ओळख झालेली असते. फुलोऱ्यात फवारू नका. आंबियाची नवती आणि फुलं एकत्रच येतात आणि मधमाश्या दिवसभर बागेत असतात. दोन-तीन औषधं एकाच टाकीत कालवू नका. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपल्यापासून दूरचं नाही. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या, वारा पाठीमागून. मजुराकडून फवारून घेत असाल तर त्याला हे सगळं देणं तुमचं काम आहे.

आठवी पायरी: झाड उदास दिसलं तर

पानं बारीक, फळं बारीक, शेंडे वरून वाळत येताहेत, सल (वाळलेल्या काड्या) वाढतेय. याला इथे सगळे 'ऱ्हास' म्हणतात आणि त्याची कारणं अनेक. आधी बुंधा उकरून बघा. साल कुजली आहे, डिंक वाहतोय, बारीक मुळांची साल बोटाने निघून येतेय, तर तो मुळं कुजवणाऱ्या फायटोफ्थोराचा प्रताप आहे. आपल्या भारी काळ्या जमिनीत पाणी साचलं की हेच होतं, आणि मावा मारून त्यात काही फरक पडणार नाही. मुळं ठीक असतील तर काडीची साल सोलून आतलं लाकूड बघा. त्यावर लांबट खाचा आणि सालीच्या आतून त्यांत बसणारे उंचवटे असतील तर ट्रिस्टेझाचा संशय घ्या.

बांधावर जुनं कागदी लिंबू असेल तर ते वाचायला शिका. कागदी लिंबाला हा रोग लपवता येत नाही. कोवळं पान सूर्याकडे धरलं की शिरांचे तुकडे तुकडे काचेसारखे पारदर्शक दिसतात, पानं द्रोणासारखी वळतात. अशी पानं दिसली तर विषाणू तुमच्या आवारात आहे. मात्र मुद्दाम कागदी लिंबू लावून पहारेकरी ठेवायच्या भानगडीत पडू नका, ते झाड स्वतःच कोठार बनतं.

खात्रीसाठी नमुना प्रयोगशाळेतच तपासावा लागतो. झाडाच्या चारही बाजूंच्या नुकत्या पक्व झालेल्या काड्या पानांसकट घ्या, ओलसर कागदात गुंडाळून प्लास्टिक पिशवीत घाला, पिशवीवर झाडाचा ओळ-क्रमांक आणि तारीख लिहा, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. गाडीच्या डिकीत दुपारभर तापलेला नमुना नेण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी ताजा घ्या. उन्हाळ्यात झाडातल्या विषाणूचं प्रमाण घटतं आणि बाधित झाडही स्वच्छ ठरू शकतं, म्हणून मे महिन्यात नमुने काढू नका. हस्ताची नवती पक्व झाल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात काढा.

बाग नवी असेल आणि एखादं-दुसरंच झाड बाधित निघालं तर ते उपटा, त्या जागी स्वच्छ कलम लावा. जुन्या बागेत निम्मी झाडं बाधित असतील तर उपटत बसू नका, खत-पाणी सांभाळून त्यांच्याकडून फळं घ्या, पण त्यांची डोळेकाडी कुणालाही देऊ नका. शेजारच्या काकांनी मागच्या वर्षी माझ्या एका भरघोस झाडाचे डोळे मागितले होते. माझ्या त्या साठांतलंच ते झाड, तपासणीत बाधित निघालेलं. कागद दाखवला तेव्हा त्यांनी झाडाकडे दोन-तीनदा वर-खाली बघितलं आणि म्हणाले, "याले रोग आहे? मंग माह्या बगिच्यातल्या चार झाडांचं बी करून आणा बरं एकदा."